चित्रमेघ क्रमांक एकोणीस: कवठे महांकाळच्या टीव्हीत रंग होता की नव्हता

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांच्या जर्नलांवर सह्या करत होते. तेवढ्यात फोनवर एक फोटो आला आणि पुढच्या चार जर्नलांवर मी प्राध्यापकांच्या जागी सही ठोकली. फोटो एका टीव्हीचा होता. लाकडी पेटी, दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं, खाली उजवीकडे पितळी अक्षरांत नाव, ‘चित्रमेघ कलर’.

हा ब्लॉग नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी पुण्यात राहते, वय बावन्न, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि जुने टीव्ही जमवते. घरात सध्या चौदा आहेत. पाहुणे आले की आधी एक टीव्ही हलवावा लागतो, मग पाहुणे बसतात. चित्रमेघ ही सांगलीजवळच्या कुपवाडची छोटी कंपनी. तिचे कृष्णधवल संच अधूनमधून सापडतात. पण बंद पडण्याआधीच्या शेवटच्या वर्षात त्यांनी थोडे रंगीत संचही बनवले होते, अशी आम्हा जमवणाऱ्यांमध्ये एक वदंता आहे. पाहिलेला कुणीच नाही.

फोटो आमच्या ग्रुपवर टाकला होता स्नेहल नावाच्या मुलीनं. संच तिच्या आजीचा, कवठे महांकाळचा. अर्ध्या तासात ग्रुपवरच्या मुंबईच्या एका जाणकारांनी निकाल दिला, ‘बनावट. कुपवाडला कलर कधी बनलाच नाही. जुन्या पेटीत दुसरं काहीतरी भरलंय.’ स्नेहलनं लिहिलं, ‘आजोबांचे भाऊही हेच म्हणतात. आजी एकटीच म्हणते रंग होता.’

या शेवटच्या वाक्यानं माझं काम केलं. शिवाय एक जुनी टोचणी होती. दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी एका संचाला अस्सल म्हणून गौरवलं होतं. तो जोडतोड करून बनवलेला निघाला. आतल्या एका सुट्या भागावर छापलेली तारीख मी वाचलीच नव्हती आणि एका वाचकानं ती माझ्याच फोटोतून वाचून दाखवली. तेव्हापासून मी कशालाही अस्सल म्हटलेलं नाही. या वेळी ठरवलं की जायचं, उघडायचं, आणि जे दिसेल ते लिहायचं.

शुक्रवारची रजा टाकून सकाळी सहाला गाडी काढली. खंबाटकी घाट उन्हं यायच्या आत ओलांडला की पुढचा रस्ता मजेचा होतो. साडेआठला साताऱ्यात पोचले. पोवई नाक्याजवळच्या एका गल्लीत मुलाणीकाका दारातच उभे होते. अडुसष्ट वर्षांचे, आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले, आता मिक्सर आणि पंखे करतात. मी फोनवर ‘चित्रमेघ कलर’ एवढंच म्हटलं होतं आणि त्यांनी कुठे, कधी, किती दिवस, काही विचारलं नाही. त्यांच्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत हत्यारं आणि रंगीत पट्ट्यांचा सिग्नल तयार करणारी एक छोटी पेटी, दुसरीत कंदी पेढे.

“पेढे कुणाला काका?”

“अस्सल निघाला तर वाटायचे. न्हाई निघाला तर परतीच्या वाटंला आपणच खायचे. वाया जात न्हाईत.”

नाक्यावर मिसळ खाल्ली. साताऱ्याची मिसळ पुण्यासारखी गोडावर येत नाही, आधीच पाव जास्त मागून ठेवा. मग कराड, पेठ नाका, तिथून डावीकडे सांगली. पेठ नाक्यानंतर वेळेचा हिशेब सोडून द्यावा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर, त्यावर गाणी इतकी मोठ्यानं की मागून हॉर्न दिला तरी आपल्यालाच ऐकू येतो. काका खिडकीत हात टेकून प्रत्येक गावात त्यांनी दुरुस्त केलेले टीव्ही दाखवत होते, म्हणजे ज्या घरांत ते एकेकाळी होते ती घरं. आष्ट्यापर्यंत मला एवढं हसू आलं होतं की गाडी बाजूला घेऊन पाणी प्यावं लागलं.

दुपारी कुपवाडला. चित्रमेघचा कारखाना होता तिथे आता पत्र्याचे ड्रम बनतात. पण आम्हाला माणूस हवा होता आणि तो काकांनी तीन फोन करून शोधून ठेवला होता, विमलताई. विशीत असताना त्या या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. आता एमआयडीसीच्या मागच्या वसाहतीत राहतात, शिलाई करतात. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी मशीनवर कापड झाकून ठेवलं होतं आणि बशीत भडंग काढलं होतं.

“कलर बनवला व्हता का?” काकांनी बसायच्या आधीच विचारलं.

“व्हता की. तीसेक संच असतील. मी स्वतः तपासलेत.” त्या एवढं सहज म्हणाल्या की मला ते वहीत लिहायलाही सुचेना. आम्ही इतकी वर्षं वाद घालत होतो आणि उत्तर इथे शिवणाच्या मशीनशेजारी बसलेलं होतं.

मी विचारलं, “ताई, पण एखादा संच समोर आला तर तो तुमच्याच हातचा हे ओळखाल कसं? पेटी जुनी आणि आतलं नवं असं करणारे लोक आहेत.”

त्या लाजल्या. मग त्यांनी जे सांगितलं त्यात पुण्यापासून जाळलेलं सगळं पेट्रोल वसूल झालं. टीव्हीच्या आत चित्र आणि रंग जुळवायला बारीक स्क्रू असतात. एकदा जुळवले की ते हलू नयेत म्हणून त्यांवर लाखेसारखा एक थेंब टाकतात. रंगीत संच सुरू झाले त्याच आठवड्यात कारखान्यातली त्या लाखेची बाटली सुकली. नवी यायला वेळ लागणार होता. तेव्हा विमलताईंचं नुकतंच लग्न झालेलं, पर्समध्ये नेलपॉलिश होतं. डाळिंबी रंगाचं.

“म्हटलं लावून बघू. घट्ट बसलं. सायेब आधी लय वरडले, मग आठवड्यानं त्यांनीच तसली बाटली आणून दिली. म्हणाले, आता सगळ्याला सारखंच पायजे. रंगीत संचाला सगळीकडं माझं नेलपॉलिश हाय. हे घरच्यांनाबी कवा सांगितलं न्हाई मी.”

मी आणि मुलाणीकाकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठल्याही पुस्तकात नसलेली, नक्कल करणाऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नसलेली खूण. मग विमलताई म्हणाल्या, “उद्या मीबी येते.” हा प्रश्न नव्हता.

मुक्कामाचं सांगते. सांगलीत बसस्थानकाजवळ हजार-बाराशेत बरी खोली मिळते, मी फोनवर ठरवलीही होती. पण विमलताईंनी ऐकलं नाही, त्यांच्याकडेच राहिले. काका मिरजेला चुलतभावाकडे गेले.

शनिवारी सकाळी मिरजेहून काकांना घेतलं आणि कवठे महांकाळचा रस्ता धरला. हा महामार्ग आता इतका गुळगुळीत आहे की पेठ नाक्याचे सगळे धक्के माफ करून टाकावेत. मिरज मागे पडली की ऊस संपतो, माळ सुरू होतो आणि माळाच्या मधोमध द्राक्षबागांचे हिरवे चौकोन दिसतात. बेदाणे सुकवायच्या शेडवर हिरवी जाळी. पंचेचाळीस मिनिटांत पोचलो. विमलताई मागच्या सीटवर चष्मा पुसत होत्या. सारखा पुसत होत्या.

आक्का, म्हणजे स्नेहलची आजी, दारात होत्या. त्यांचं नाव अनंतमती, वय पंचाहत्तरच्या पुढे, सडपातळ, आवाज मात्र खणखणीत. जैन शेतकऱ्याचं घर, अंगणात बेदाण्याचे क्रेट रचलेले. आत सोप्यात खुर्चीवर त्यांचे दीर बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, तेही सत्तरीचे. त्यांनी आम्हाला बसा म्हणायच्या आधीच सांगितलं, “बघा तुमी. पण त्यात कवाच रंग नव्हता. आख्ख्या गल्लीनं बघितलाय त्यो टीव्ही. काळा-पांढरा व्हता.”

“मी रंग बघितलाय,” आक्का शांतपणे म्हणाल्या. चाळीस वर्षांत हा संवाद किती वेळा झाला असेल ते त्यांच्या सुरावरून कळत होतं. दोघांनाही पाठ होता.

चहा होईपर्यंत आक्कांनी हकीकत सांगितली. त्यांच्या दिवंगत मालकांनी, म्हणजे तात्यांनी, कुपवाडला मोटारीचे सुटे भाग आणायला गेले असताना हा संच पाहिला आणि त्याच टेंपोत घालून आणला. कलर टीव्ही आणलाय असं गावभर सांगितलं. उंच बांबूला अँटेना बांधली. गल्ली जमली. टीव्ही लागला आणि चित्र आलं ते काळं-पांढरं, वर मुंग्या. लोक हसत हसत घरी गेले. काही दिवसांनी कुणीतरी बाजारात मिळणारी रंगीत प्लास्टिकची काच आणून दिली, वर निळी, मध्ये केशरी, खाली हिरवी. म्हणाला, “तात्या, ही लावा, कलर हुईल.” तात्यांनी ती घेतली नाही, पण तेव्हापासून गावात त्यांना कलरतात्या म्हणायचे.

“मग एक दिवशी सांच्याला सगळी बागंत गेलीवती. मी एकटीच घरात. सहज लावला, आन् चित्र एकदम साफ. एक बाई गात हुती. तिचं लुगडं हिरवं, काठ आंब्यासारखा. गालावर रंग, पाठीमागं निळं. मी भाकरीचं पीठ तसंच टाकून बघत बसले. गाणं संपलं तसं गेलं. मालक आल्यावर सांगितलं. त्यांनी विश्वास ठिवला. बाकी कुणी न्हाई.”

“वैनी, तुला भास झाला,” अण्णा म्हणाले. वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं.

मला मात्र राहवेना. मी अण्णांना सांगितलं की सिग्नल अशक्त असला तर कलर टीव्ही रंग दाखवायच्या भानगडीत पडत नाही. गढूळ रंगांपेक्षा बरं म्हणून आतलं एक सर्किट रंग बंदच करून टाकतं आणि चित्र काळं-पांढरं येतं. इतक्या दूर तेव्हा सिग्नल अशक्तच असणार. एखाद्या दिवशी हवा अशी जमून येते की दूरचा सिग्नल जोरात पोचतो, थोडा वेळच. आक्कांनी पाहिलं ते अगदी शक्य आहे. पण त्यासाठी संच खरोखर कलर असायला हवा.

“मग उघडा की,” आक्का म्हणाल्या.

आधी पडदा. मी टॉर्च तिरका धरला आणि काचेला भिंग लावलं. कृष्णधवल पडदा भिंगातून पिठासारखा एकसारखा दिसतो. इथे बारीक उभ्या रेघा होत्या, केसांपेक्षा बारीक, हजारो. चित्रनळी, म्हणजे पिक्चर ट्यूब, कलरच होती. मी भिंग काकांकडे दिलं. त्यांनी पाहिलं, नाकातून एक आवाज काढला आणि भिंग आक्कांना दिलं. पण नळी नंतरही बदलता येते. खरी परीक्षा मागे होती.

काकांनी मागचं झाकण काढलं. (घरी कुणी हे करू नका. बंद संचाच्या चित्रनळीतही जबर झटका देईल एवढी वीज राहू शकते. काकांनी ती आधी काढून टाकली.) आत वाळलेली पालीची अंडी, धूळ, आणि लाकडावर शिक्का, क्रमांक एकोणीस. मी या वेळी एकेक भागावरची तारीख वाचली, दोनदा, तोंडानं मोठ्यानं. एकही कारखाना बंद पडल्यानंतरची नव्हती. विमलताईंनी कुंचल्यानं धूळ झाडली. खाली थेंब दिसले. डाळिंबी. एक, दोन, तीन, पाच, सहा.

विमलताईंनी एका थेंबाला बोट लावलं आणि मग स्वतःच्या नखाकडे पाहिलं. मला मधेच हसू, मधेच रडू यायला लागलं. अण्णा खुर्चीवरून अर्धे उठले होते.

मग विमलताई म्हणाल्या, “ह्यो बघा. सातवा. ह्यो फुटलाय. कुणीतरी फिरवलाय.”

काकांचा चेहरा उतरला. रंग पकडणाऱ्या भागातलाच तो स्क्रू होता. काका म्हणाले, “लावून तर बघू.” संच इतकी वर्षं बंद, म्हणून त्यांनी विजेच्या वाटेत एक मोठा बल्ब जोडला, एकदम जोर येऊ नये म्हणून. दीड तास ते थोडी वीज द्यायचे, बंद करायचे, दोन भाग बदलायचे, परत द्यायचे. शेवटी पडद्यावर उजेड आला. आपली छोटी पेटी त्यांनी अँटेनाच्या जागी जोडली. आठ उभे पट्टे उमटले, स्पष्ट, सरळ.

राखाडी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत आठही राखाडी.

“चाळीस वर्सं मी ह्येच सांगतोय,” अण्णा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. मला वाटतं त्यांनाही एव्हाना रंग हवा होता.

आक्का पुढे आल्या. “त्यो स्क्रू मालकांनी फिरवलाय. मी रंग बघितला म्हटल्यावर दोन दिवस ते मागंच बसलेवते. परत आणतो म्हणायचे. पिळत हुते काहीतरी. मग कवाच आला न्हाई, तसं झाकण लावलं.”

ज्यांनी एकट्यानं विश्वास ठेवला त्यांच्याच हातून रंग गेला होता, आक्कांना परत दाखवायच्या धडपडीत.

विमलताईंनी भिंग मागितलं. बराच वेळ आत पाहिलं. “थेंब फुटलाय, पण गेल्याला न्हाई. अर्धा स्क्रूवर हाय, अर्धा कडंवर. दोन्ही अर्धं परत जुळवा की. मी लावला तवा रंग बरोबर व्हता.”

काकांनी प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेतला. विमलताई भिंगातून सांगत होत्या, “अजून थोडं. अजून. लय झालं, मागं घ्या. हां, हितं.”

पडदा पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट, लाल, निळा झाला. पट्टे एका फटक्यात रंगले, भिंतीवर त्यांचा उजेड पडला. कोपऱ्यात थोडा गुलाबी डाग होता. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही आणि मी ताजमहाल पाहिलाय.

मी टाळ्या वाजवत होते, हे मला नंतर काकांनी सांगितलं. विमलताई आणि आक्का यांची ओळख तीन तासांची, पण त्या एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

मी विचारलं, “आक्का, असंच होतं का?”

त्यांनी मान तिरकी करून नीट पाहिलं. “हिरवा एवढा भडक नव्हता,” म्हणाल्या. “आंब्याचा काठ मात्र असाच.”

काकांनी पेढे काढले. अण्णांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. खुर्ची पुढे ओढून ते पट्ट्यांसमोर बसले. त्यात काही हलत नव्हतं, आवाज नव्हता, नुसते आठ पट्टे. काका बंद करायला गेले तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की जरा.”

या घरात दिवस मावळायच्या आत जेवण होतं, त्यामुळे आम्हालाही पाचलाच पाटावर बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण न घालता केलेली तुरीची आमटी आणि घरच्या बेदाण्याची खीर. अशा चवीसाठी मी परत पावणेतीनशे किलोमीटर येईन. निघताना मी जरा चाचरत विचारलं की हा संच पुढेमागे द्यायचा असेल तर. आक्का हसल्या. “आता कुठं लागलाय बाई.” मलाही तेच उत्तर हवं होतं, हे त्यांनी म्हटल्यावर कळलं. काकांनी ती पट्ट्यांची पेटी तिथेच ठेवली. मिक्सर दुरुस्तीला काही ती लागत नाही, म्हणाले.

रविवारी विमलताईंना निरोप देऊन निघाले, काकांना साताऱ्यात सोडून दुपारी घरी आले. ग्रुपवर फोटो टाकले आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा तो शब्द लिहिला, अस्सल. मुंबईच्या जाणकारांनी दहा मिनिटांत कबूल केलं आणि नेलपॉलिशची कंपनी कोणती ते विचारलं. मोठा माणूस.

घरातले चौदा संच बघत बसले. प्रत्येकाची तारीख, नळी, क्रमांक मला पाठ आहे. पण यांपैकी कुठल्या टीव्हीसमोर कोण पीठ टाकून बसलं होतं, याची चौकशी मी कधी केली नव्हती. आता एकेका जुन्या मालकाला फोन लावायला घेतलेत. तिघांचे लागलेत. एका बाईंनी तासभर सोडलं नाही.

आणि सोमवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. अण्णा होते. तब्येत, पाऊसपाणी, पुण्याचं ऊन सगळं विचारून झालं तरी ते फोन ठेवेनात. मग म्हणाले, “ताई, वैनीला एक म्हणायचं ऱ्हायलंय. समोर हाय ती रोज, पण तोंडातनं निघंना. तुमी ते लिवताय न्हवं? त्यात लिवा. नात वाचून दाखवंल तिला.”

“काय लिहू?” मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आक्का, अण्णा म्हणतात, रंग व्हता. तुजं खरं व्हतं, आन् तात्याचंबी.